गाण्यांवरून जर्मन शिकवणारा उस्मानपुऱ्यातला क्लास: डेटिव्ह अडलेल्यांनी नक्की जावं

ज्यांचं जर्मनचं ए-वन, म्हणजे पहिली पातळी, झालंय, शब्द बऱ्यापैकी पाठ आहेत, पण बोलायला तोंड उघडलं की डेर म्हणू का डेम म्हणू का डेन म्हणू इथंच गाडी अडते, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात एका मेडिकलच्या वर दुसऱ्या मजल्यावर शनिवार-रविवार संध्याकाळी एक बॅच चालते, तिथं जर्मन व्याकरण गाण्यांच्या ओळींवरून शिकवतात आणि त्यातही सगळा भर डेटिव्हवर, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारे डेर, डी, डास हे शब्द बदलून डेम, डेर होतात त्या विभक्तीवर. तीन महिन्यांची बॅच, फी साडेचार हजार. मी पूर्ण केली. डेटिव्हसाठी यापेक्षा चांगलं शिकवणं मला मराठवाड्यात अजून तरी दिसलं नाही. पण सगळ्यांना हा क्लास जमेलच असं नाही, ते कुणाला आणि का नाही ते पुढं लिहिलंय, पूर्ण वाचा.

आधी सांगते की मी नर्सिंगवाली, जीएनएम केलेली. बॅचमध्ये अर्ध्या तर आमच्याच लाईनच्या मुली होत्या, जालना, बीड, हिंगोलीकडच्या, बाकी वाळूजला कंपनीत असलेले डिप्लोमावाले आणि मास्टर्सला जायचं म्हणून तयारी करणारे इंजिनिअर. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल मनुष्यबळाचा करार केला, १० हजार जणांना पाठवायची गोष्ट होती, तेव्हापासून आपल्याकडं जर्मनचे बोर्ड गल्लोगल्ली दिसायलेत. त्यातले बरेच क्लास एकाच पद्धतीचे, फळ्यावर तक्ता काढायचा, डेर-डेम, डी-डेर, डास-डेम, डी-डेन, आणि म्हणायचं पाठ करून या. मी आधी ज्या ठिकाणी ए-वन केलं तिथंही हेच होतं. तक्ता पाठ होतो हो, परीक्षेत लिहिताना कोपऱ्यात काढून ठेवता बी येतो, पण समोरचा माणूस बोलायला लागला की तक्ता डोळ्यासमोर आणायला वेळ कुठं असतो.

या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी तक्ता नाही, पुस्तक नाही, मॅडमनी एक बालगीत लावलं. जर्मनीत अगदी बालवाडीतल्या पोरांना येतं ते, बदकांचं. आल्ले माइने एंटशेन, श्विमेन आउफ डेम झे, क्योप्फशेन इन डास वासर, श्वेंत्सशेन इन डी ह्यो. म्हणजे माझी सगळी छोटी बदकं तळ्यावर पोहतात, डोकं पाण्यात, शेपटी वर. एवढंच गाणं. आम्हाला वाटलं आता पुढचं लावतील, पण मॅडम त्याच चार ओळींवर पूर्ण दोन तास बसल्या आणि ते दोन तास खरंच सोन्यासारखे गेले.

त्यांचा प्रश्न असा होता की बदकं तळ्यावर आहेत ना, मग आउफ "डेम", आणि डोकं पाण्यातच आहे, मग तिथं इन "डास" काहून? मराठीत तर दोन्हीकडं आपण "पाण्यात" म्हणतो, बदक पाण्यात पोहतं, बदक डोकं पाण्यात घालतं, शब्द तोच. प्रश्न विचारला तरी "कुठं" हाच, कुठं बसलास आणि कुठं चाललास. जर्मनमध्ये मात्र वो (कुठं आहे) आणि वोहिन (कुठं चाललंय) असे दोन वेगळे प्रश्न आहेत. मॅडमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, "ती गोष्ट तिथं आधीच हाय, का तिथं जायलीय?" आधीच असेल तर डेटिव्ह, जात असेल तर अक्युझेटिव्ह, म्हणजे कर्माची विभक्ती. बदकं तळ्यावर आहेतच, डोकं वरून खाली पाण्यात चाललंय. आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, उबर, उंटर, फोर, त्स्विशेन हे जे नऊ दुतोंडी प्रीपोझिशन (वर, खाली, मागं अशा अर्थाचे नामाआधी येणारे शब्द) आहेत त्या सगळ्यांना हाच एक प्रश्न लागू पडतो, आणि तो बालवाडीतल्या चार ओळींत बसलेला आहे हे मला कुणी आधी दाखवलंच नव्हतं.

आणि शब्दसंग्रह पण त्यातूनच. एंटशेन, क्योप्फशेन, श्वेंत्सशेन, तिन्हीच्या शेवटी शेन, आणि शेन लागलं की मूळ शब्द डेर असो की डी, तो डास होतो म्हणजे होतोच. झे या शब्दाचं तर फारच छान आहे, डेर झे म्हणजे तळं आणि डी झे म्हणजे समुद्र. गाण्यात आउफ डेम आलंय, डी झे असता तर आउफ डेर आलं असतं, म्हणजे बदकं तळ्यात आहेत की समुद्रात हे त्या छोट्याशा डेमनं सांगितलं. हे कळल्यावर डेटिव्ह ही मार्क कापायची वस्तू वाटायची बंद होते, त्याला काहीतरी सांगायचं असतं म्हणून तो तिथं असतो.

आपल्याकडं घरातल्या आजीला अक्षरओळख नसते पण हरिपाठ अख्खा तोंडपाठ असतो, एक शब्द पुढं-मागं होत नाही, कारण चालीत बसलेला शब्द हलत नाही. क्लासचं सगळं तंत्र यावरच आहे. आउफ डेम झे हे तुम्ही तुकडा म्हणूनच पाठ करता, आउफ वेगळं, झे वेगळं, मग नियम लावून डेम असं नाही, आणि नंतर कधी आउफ डेम टिश म्हणायची वेळ आली की जीभ आपोआप डेमकडं जाते.

मधल्या महिन्यात आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू हे नेहमी डेटिव्हच घेणारे सात, आणि सोबत आउसर, हे आठ जण ब्ल्यू डॅन्यूब या प्रसिद्ध वॉल्ट्झच्या चालीवर म्हणून घेतले. ही युक्ती जर्मन शिकवणाऱ्यांमध्ये जगभर जुनी आहे, मॅडमनी स्वतःच तसं सांगितलं. पण त्यांनी त्यात एक गोष्ट जोडली जी मला जास्त आवडली. योहान स्ट्राउसच्या त्या १८६७ च्या वॉल्ट्झचं जर्मन नावच आन डेर श्योनेन ब्लाउएन डोनाउ, सुंदर निळ्या डोनाउ नदीच्या काठी. डी डोनाउ ही बाई, म्हणून आन डेर, आणि त्यापुढची दोन्ही विशेषणं एन लागून, श्योनेन, ब्लाउएन. म्हणजे चाल म्हणताना प्रीपोझिशन पाठ होतात आणि चालीचं नाव आठवलं की स्त्रीलिंगी डेटिव्ह विशेषणासकट आठवतो. इथं ज्यांना वो-वोहिन पक्कं झालं होतं ते अडले, कारण त्सू (कडं) मध्ये तर माणूस चाललेला असतो, मग डेटिव्ह कसा, असं सगळे विचारायले. उत्तर सरळ आहे, तो प्रश्न फक्त त्या नऊ जणांना विचारायचा, या आठ जणांना काहीच विचारायचं नाही, चालत असो की बसलेला असो, डेटिव्ह. म्हणून तर हे चालीवर वेगळे बसवून घेतात.

आता सगळ्यात जमलेला भाग, लिंडनच्या झाडाचं गाणं. आम ब्रुनेन फोर डेम टोरे, डा श्टेट आइन लिंडेनबाउम. विल्हेल्म म्युलरची कविता, संगीतकार शुबर्टनं १८२७ मध्ये चाल लावली. वेशीसमोर आडाजवळ लिंडनचं झाड उभं आहे. मॅडम म्हणल्या टोर म्हणजे आपलं पैठण गेट समजा, फोर डेम टोर म्हणजे पैठण गेटसमोर, झालं, आमच्या डोक्यात ते कायमचं बसलं, दरवाज्यांच्या शहरात राहणाऱ्यांना अजून काय पाहिजे. मग टोर नाही आणि टोरे का, तर जुन्या जर्मनमध्ये डेटिव्हला नामालाही ए लागायचा, आता तो गेला, पण त्सू हाउझे, नाख हाउझे मध्ये अजून शिल्लक आहे. आणि मला तर हे ऐकून अंगावर काटा आला की हा विल्हेल्म म्युलर म्हणजे ज्यांच्या नावानं पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आहे त्या ऋग्वेदवाल्या मॅक्स म्युलरचे वडील. आपण परीक्षेला जिथं जातो त्या नावाच्या घरातलंच हे गाणं.

त्यातल्या पुढच्या दोन ओळी तर व्याकरणाच्या पुस्तकवाल्यांनी मुद्दाम रचल्यासारख्या आहेत. इश ट्रॉइम्ट इन झाइनेम शाटेन, त्याच्या सावलीत मी स्वप्नं बघितली. इश श्निट इन झाइने रिंडे, त्याच्या सालीत मी शब्द कोरले. मराठीत सावलीत, सालीत, दोन्हीला त. जर्मनमध्ये सावलीत तो बसलेलाच आहे म्हणून झाइनेम, आणि सुरी सालीच्या आत चालली आहे म्हणून झाइने. आणि त्यानंतर लगेच त्सू ईम मिश इमर फोर्ट, सुखात-दुःखात मला सारखी त्याच्याकडं ओढ, एकाच ओळीत ईम डेटिव्ह आणि मिश अक्युझेटिव्ह शेजारी-शेजारी. एवढं सगळं एका कडव्यात आहे. हे गाणं आमच्याकडून मॅडमनी इतक्यांदा म्हणून घेतलं की खालच्या मेडिकलवाल्या काकांना पण पहिली ओळ यायली.

एका रविवारी पाणचक्कीला नेलं सगळ्यांना, कारण पुढचं गाणं खळखळत्या ओढ्याकाठच्या गिरणीचं होतं, आम राउशेंडेन बाख असं त्यात येतं. तिथल्या मोठ्या वडाखाली बसून वाक्यं करून घेतली. वीर झिट्झेन उंटर डेम बाउम, आम्ही झाडाखाली बसलोय. डी फिशे श्विमेन इम बेकेन, हौदात मासे पोहतायत, इम म्हणजे इन अधिक डेम. डास वासर फेल्ट इन्स बेकेन, पाणी हौदात पडतंय, इन्स म्हणजे इन अधिक डास. मासे आत आहेतच, पाणी वरून आत यायलंय. समोर डोळ्यांनी दिसत असताना कुणाचंच चुकलं नाही, आणि जी मुलगी महिनाभर तोंड उघडत नव्हती ती तिथं सलग बोलत होती. असं शिकवायला मनापासून तळमळ लागते, ते फीमध्ये येत नाही.

आता मराठी माणसाला डेटिव्ह का अडतो आणि का सोपा जातो, या दोन्ही गोष्टी मला इथंच कळल्या, आणि हा भाग आमच्या नर्सिंगवाल्यांसाठी लई महत्त्वाचा आहे. अडतो कारण आपला "ला" दोन्ही कामं करतो. मी पेशंटला उठवते, मी पेशंटला मदत करते, दोन्हीला ला. जर्मनमध्ये उठवायचं असेल तर डेन पात्सिएंटेन आणि मदत करायची असेल तर डेम पात्सिएंटेन. हेल्फेन, डांकेन, फोल्गेन, आंटवोर्टेन, गेह्योरेन, गेफालेन अशी क्रियापदं डेटिव्ह मागतात आणि ती कोणती हे पाठच करावं लागतं, दुसरा रस्ता नाही. मॅडमनी ती जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवलीत, त्यांच्या आईच्या तोंडची चाल आहे म्हणे, आणि ती चाल जर्मन शब्दांना इतकी शोभते की मी ड्युटीवर बेड लावताना गुणगुणत असते.

आणि सोपा जातो कारण आपल्याकडं "मला" आहे. मला थंडी वाजते, मला मळमळतंय, मला आवडतं, मला पुरतं. जर्मन पण असंच म्हणतो, मीर इस्ट काल्ट, मीर इस्ट श्लेश्ट, एस गेफेल्ट मीर. बॅचमध्ये बहुतेक जण आधी इंग्रजीतून विचार करून इश बिन काल्ट म्हणायचे, त्याचा अर्थ माझा स्वभाव थंड आहे असा निघतो. मॅडमचं एकच म्हणणं, अरे इंग्रजीच्या वाटेनं कशाला जायलात, मराठीतून थेट या ना, आपली वाट जवळची हाय. उद्या वॉर्डात जर्मन आजोबा मीर इस्ट श्विंडलिश म्हणतील, मला गरगरतंय, तेव्हा मीर ऐकून आपल्याला लगेच कळलं पाहिजे. प्रेमाच्या गाण्यांत मीर (मला) आणि दीर (तुला) तर ओळीच्या शेवटी लई वेळा येतात, कारण हीर, वीर, फीर यांच्याशी यमक जुळतं, त्यामुळं ते कानात पटकन राहतात. एकदा मीर-दीर आणि मिश-दिश वेगवेगळ्या यमकांच्या घरात बसले की त्यांची अदलाबदल होणं कमी होतं, हे मी माझ्यावरून सांगते.

आता कमी काय आहे ते. पहिली गोष्ट, लेव्हल मिक्स आहेत. ए-वन नुकतंच झालेले आणि बी-वन (दोन पातळ्या पुढचं) चालू असलेले एकत्र बसतात, पुढच्यांना बदकांवर दोन तास जड जातात आणि मागच्यांना लिंडनचं झाड. दोन बॅच करायलाच पाहिजेत, मी तसं फीडबॅकमध्ये लिहून दिलंय. दुसरी, शब्द. गाण्यांत हृदय, रात्र, आकाश, पाऊस, वाट, ओठ हे भरपूर, पण बँडेज, ब्लडप्रेशर, इंजेक्शन, शिफ्ट हे कुठून येणार. कंपनीवाल्यांना पण तेच, मशीनचे शब्द गाण्यात नाहीत. मॅडम शेवटच्या अर्ध्या तासात गाण्यातल्या वाक्यात आपल्या कामाचे शब्द घालून घेतात, फोर डेम टोर च्या जागी फोर डेम त्सिमर, ते छान आहे पण अर्धा तास कमी पडतो.

तिसरी गोष्ट जरा नीट समजून घ्या. गाण्यातली भाषा आणि परीक्षेतली भाषा एक नसते. चालीसाठी शब्दाचं शेपूट कापतात, ट्रॉइम्टे चं ट्रॉइम्ट होतं, ह्योए चं ह्यो होतं. नव्या रॅपमध्ये वेगेन (मुळं) या शब्दापुढं डेम लावून वेगेन डेम असं सर्रास म्हणतात, लोक बोलतात पण तसंच, पण लिहिताना वेगेन डेस अपेक्षित असतं. मॅडम प्रत्येक ठिकाणी थांबून सांगतात की हे म्हणायचं, हे लिहायचं नाही, म्हणूनच हा क्लास चांगला आहे, पण नुसतं घरी बसून मोबाईलवर गाणी ऐकून कुणी व्याकरण शिकतो म्हणत असेल तर त्यानं हे लक्षात ठेवावं. गाण्यांतल्या गाळलेल्या जागा भरायचे ॲप पण मी वापरलंय, कान तयार व्हायला मस्त आहे, पण तिथं डेम का आणि डास का हे सांगायला कुणी नसतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट कोर्स आहेत ए-वन पासून बी-वन पर्यंत, ते सोबत ठेवा, गाण्यात जे मिळत नाही ते रोजच्या बोलण्याचं जर्मन तिथं मिळतं.

चौथी, लिखाणाची तयारी इथं जवळजवळ नाही. ग्योएटे इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे मॅक्स म्युलर भवनच्या) ए-वन परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० लागतात, आणि नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनला साधारण बी-टू मागतात, तिथं पत्र, ईमेल सगळं नीट लिहिता आलं पाहिजे. या क्लासच्या भरवशावर परीक्षेचा फॉर्म भरू नका, मेन क्लास दुसरा चालू ठेवा आणि हा त्याच्या जोडीला करा. जे अगदी नवीन आहेत, ज्यांना डेर-डी-डास म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांनी पण आत्ता येऊ नये, कारण नामाचं लिंगच माहीत नसेल तर डेम कुठून आला हे कळणार नाही, नुसतं गाणं पाठ होईल.

सोयींचं सांगायचं तर स्पीकर जुना आहे, खरखर करतो, आणि जिथं डेम का डेन हेच कानानं पकडायचंय तिथं खरखर चालत नाही. म आणि न चा फरक आपल्याला पुस्तकात दिसतो पण गाण्यात अगदी बारीक ऐकू येतो, त्यामुळं चांगला स्पीकर ही या क्लासची पहिली गरज आहे, पंखे-बिंखे नंतर बघा. मी स्वतःचे इअरफोन नेऊन रेकॉर्डिंग परत ऐकायचे, तुम्ही पण न्या. लाइट गेली की मॅडम पेटी काढतात, ते मात्र स्पीकरपेक्षा बरं होतं. लेडीज टॉयलेट खालच्या मजल्यावर आहे आणि चावी मेडिकलमध्ये मागावी लागते. बॅच आठला सुटते, जालन्याच्या मुलींना तिथून सिडको बस स्टँड गाठायची घाई होते, थंडीच्या दिवसांत तर जास्तच, सातला सोडलं किंवा दुपारची बॅच ठेवली तर बाहेरगावच्या अजून लई मुली येतील.

झेरॉक्सचं मात्र कौतुक करते. प्रत्येक गाणं मॅडम हातानं लिहून देतात, ओळीखाली देवनागरीत उच्चार, त्याच्या खाली मराठी अर्थ, आणि डेटिव्हच्या शब्दाखाली रेघ. अर्थ त्यांनी स्वतः केलेला असतो, मोबाईलवरच्या भाषांतरासारखा वेडावाकडा नसतो. तीन महिन्यांची मिळून चांगली जाड फाईल झाली आहे माझ्याकडं, ती कुणाला देणार नाही पण बघायला मागितली तर दाखवीन.

जायचं असेल तर पहिलं लेक्चर फुकट बसू देतात, शनिवारी सहाच्या आधी पोचा कारण खुर्च्या कमी आहेत. सोबत नामांची स्वतःची वही न्या, प्रत्येक नामापुढं डेर, डी, डास लिहिलेली, पहिल्याच दिवशी लागते. आणि प्रवेश घेताना तुमची लेव्हल काय आणि तुम्हाला नर्सिंगसाठी पाहिजे का कंपनीसाठी ते स्पष्ट सांगा, शेवटच्या अर्ध्या तासातली वाक्यं मॅडम त्याप्रमाणं बदलतात.